एक शिंग भुसावळकडं, एक धुळ्याकडं

असोद्याच्या खालच्या आळीत दसऱ्याला रावण जाळतात, आणि त्याला जाळणाऱ्या रामाचं धनुष्य पितांबर सुताराच्या घरून जातं. आजानं दिलं, बापानं दिलं, आता पितांबर देतो. धनुष्य वाजतगाजत नेतात आणि आळीतलं पहिलं सोनं, म्हणजे आपट्याचं पान, पितांबरच्या हातावर पडतं. मिरवायला त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं. बैलगाड्या गेल्या, वखरं लोखंडाची झाली, संडासाची दारंसुद्धा प्लास्टिकची आली.

तेवढंही जितेंद्रच्या डोळ्यात खुपायचं. जितेंद्र त्याचा चुलतभाऊ, भिंतीला भिंत लागून घर. जळगावला त्याचं फर्निचरचं दुकान, पण रंधा हातात दिला तर कुठून धरायचा ते विचारील. भांडण लागल्यापासूनच्या अकरा वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते असं नाही. रोज बोलत, पण फक्त भांडायला.

आळीच्या बैठकीत जितेंद्रनं भिंतीवरचं कॅलेंडरच काढून आणलं.

"हे पाहा. रामाच्या धनुष्याची शिंगं कशी पुढं वळेल हायेत! आन आमच्या पितांबरचं? त्याच्यानं कापूस पिंजा."

लोक हसले. हसणाऱ्यांत पितांबरची बायको प्रमिलाबाईही होती, ते त्याला जास्त लागलं.

"मंग तू काय म्हनतो?" उखर्डूआबांनी विचारलं. आळीत शेवटचा शब्द त्यांचा.

"मी पुण्याहून मागवतो. खेळाडूंचं."

"दोघं आना. ज्याचा बाण रावनाले लागीन, त्याचा मान. कायमचा."

पितांबरनं त्याच दिवशी धामणीच्या लाकडाचा जपून ठेवलेला दांडा काढला. तासला, रंधला, कानशीनं घासला. राहिली शिंगं, म्हणजे पुढं वळवायची दोन्ही टोकं. धामण वाकते, पण आधी तिला तासभर वाफ द्यावी लागते. आणि बाहेर काढली की वीस मोजेपर्यंत साच्यावर दाबून शिकंजा आवळावा लागतो. एकवीसला ती पुन्हा लाकूड होते.

वाफ कशात द्यायची? पाईपांच्या कारखान्यांसाठी गाजलेल्या जळगाव जिल्ह्यात राहून पाईपावर भरवसा ठेवायचा नाही तर कशावर? त्यानं मळ्यातला प्लास्टिकचा चार इंची पाईप आणला, आत दांडा घातला, एका तोंडाला उकळता डबा लावला आणि दुसऱ्या तोंडात प्रमिलाबाईच्या जुन्या परकराचा बोळा ठोसला. पाव तासात पाईप उकडलेल्या गिलक्यासारखा मऊ पडला, मधेच लोंबला, वाफ तुंबली आणि बोळा भिंतीपलीकडं उडाला. तो पडला जितेंद्रच्या इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर. सदऱ्यात जितेंद्र होता.

"परकर फेकतो? भाऊबंदावर?"

"तुले सदरा काय अन् परकर काय, दोन्ही शोभतात!"

मग पितांबर न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाला शरण गेला. वरच्या तोंडात धनुष्याचं एक टोक, भोवती ओलं गोणपाट. प्रमिलाबाईनं गार पाण्यानं अंघोळ केली आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण शिंग वळलं! म्हशीच्या शिंगासारखं, देखणं. पितांबर त्याच्यावरून हात फिरवत बसला. हे पाहून आपला बाप काहीतरी बोलला असता, असं त्याला वाटलं. बाप आयुष्यात कधी चांगलं बोलला नव्हता, पण तरी.

दुसऱ्या दिवशी दुसरं टोक. तास भरला. पितांबरनं दांडा उपसला आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन...

"काय पितांबर," भिंतीवरून जितेंद्रचं डोकं आलं, "धनुष्याचा चहा करून राह्यला का?"

"तुह्या तेराव्याचं पानी तापवून राह्यलो!" सात, आठ...

"तुह्या बापानं माह्या बापाच्या खाटेले तीनच पाय बसवलते!"

आता बाप निघाला म्हटल्यावर माणूस लाकडाकडं पाहील की भिंतीकडं? पितांबरनं मान तिकडं फिरवली. हात आपलं काम करत राहिले.

"तुहा बाप चार पायांच्या खाटेवरूनबी पडायचा! पिऊन!" अठरा, एकोणीस. शिकंजा कडकडीत आवळला.

सकाळी त्यानं शिकंजा सोडला. एक शिंग पुढं वळलेलं, दुसरं मागं.

"वा!" प्रमिलाबाई म्हणाली. "एक भुसावळकडं, एक धुळ्याकडं. रामानं बाण मारायचा कोनाकडं?"

दसरा त्याच दिवशी होता. दुसरा दांडा नव्हता. पितांबरनं धनुष्याला झेंडूची एवढी फुलं बांधली की शिंगं दिसेनाशी झाली.

मैदानात आधी जितेंद्रचं धनुष्य. राम झालेला भटू केळीचे घड वाहणारा गडी, पण ती दोरी त्याच्यानं कानापर्यंत ओढवेना. तिसऱ्यांदा ओढली, तशी ती मुकुटात अडकली आणि सुटली. बाण पायाशी पडला. मुकुट मात्र थेट रावणाच्या मधल्या नाकावर बसला.

"मुकुट धरायचा नही!" पितांबर ओरडला.

मग त्याचं धनुष्य. भटूनं पेटता बाण लावला, समोर नेम धरला, ओढलं. दोरी सुटताच धनुष्य त्याच्या मुठीत गर्रकन फिरलं, फुलं उधळली, आणि बाण रावणाला सोडून डावीकडं, मैदानाच्या कडेला नवरात्रापासून लागलेल्या वीस फुटी फ्लेक्समध्ये घुसला. फ्लेक्सवर जितेंद्र हात जोडून शुभेच्छा देत होता. तो मिशीपासून पेटला.

"मुद्दाम केलं यानं!" खरा जितेंद्र किंचाळला.

उखर्डूआबांनी काडेपेटी काढून रावण पेटवून टाकला आणि पितांबरला बाजूला घेतलं. "मान दोघाईचा गेला. आता चूक झाली म्हन, अन् मिटव."

चूक! सगळी आळी कान टवकारून उभी. आपल्याला शिंग वळवता आलं नाही, हे इथं तोंडानं म्हणायचं?

"चूक कसली?" पितांबर म्हणाला. "म्या शिंगं तशीच वळवली. नेम धरून."

"पितांबरनाना, मले काहाले गुंतवता?" भटू रडकुंडीला आला. "म्या तं रावनाकडंच पाहत व्हतो!"

जितेंद्रनं पितांबरला धनुष्यासकट ओढतच चौकीत नेलं. हवालदार धुळ्याकडचे, नवीन बदलून आलेले. त्यांनी धनुष्य उलटंसुलटं पाहिलं.

"हाई अपघात दिखस भाऊ. येवढ्या वाकड्या धनुष्यवरी नेम बसस का?"

"बसतो!" जितेंद्र म्हणाला.

"मंग हाऊ मानूस मोठा कारागीर शे म्हना की. तसं लिव्हनं पडी. नही तं अपघात."

जितेंद्रचं तोंड कारल्यासारखं झालं. त्यानं पितांबरकडं पाहिलं, हातातल्या जळक्या फ्लेक्सच्या तुकड्याकडं पाहिलं. "लिवा," तो दात खाऊन म्हणाला.

हवालदारांनी लिहिलं: सदर इसम धनुष्य घडवण्यात अत्यंत निष्णात असून, त्याने शिंगे हेतुपुरस्सर विरुद्ध दिशांना वळवली. जितेंद्रनं खाली सही केली, कागद फाटेल इतकी दाबून.

"साहेब," पितांबरनं विचारलं, "याची झेरॉक्स भेटीन का? आळीत लावायची हाये."