मनशिळीचे दोन तुकडे

चष्मेवाल्याच्या पायाला भिंगरी आहे, हे त्याच्या बायकोला लग्नाआधीच कुणीतरी सांगितलं होतं. ती भिंगरी फक्त दगडांच्या दिशेने फिरते, हे मात्र कुणी बोललं नव्हतं. बाईंनी आयुष्यभर लोकांच्या पोरींना शिवण शिकवलं आणि सुट्टी लागली की नवऱ्यामागून संग्रहालयं पालथी घातली. इतर बायका फिरायला जातात तेव्हा डोंगर बघतात. बाईंनी डोंगर पाहिले ते काचेच्या कपाटात, तळहाताएवढे, खाली नाव चिकटवलेले. सवय झाली होती. पायताणं तेवढी चांगली घ्यायची, एवढाच नियम त्यांनी केला होता.

या खेपेची गोष्ट निराळी होती. या खेपेला त्याला एकच दगड बघायला जायचं होतं, आणि तो सोडून वाटेतले बाकी सगळे दगड तो बघत सुटला होता.

धाकट्या भावाच्या छातीचं ऑपरेशन ठरलं होतं. जावेचा फोन आला. "ह्यांनी एकच हट्ट धरलाय, जाऊबाई. दोन्ही तुकडे एकदा शेजारी ठेवून बघायचेत म्हणतात. ऑपरेशनच्या आधी." कसले तुकडे, हे बाईंना विचारावं लागलं नाही. त्या तुकड्यांपायीच दोन सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले होते.

लहानपणी दोघांना खाणीच्या ढिगाऱ्यात एक लाल दगड सापडला होता. मनशीळ. डाळिंबाच्या दाण्यासारखी लालभडक. दोघांनाही ती हवी होती, म्हणून वडिलांनी छिन्नीच्या एका घावात तिचे दोन तुकडे केले आणि भांडण मिटवलं, म्हणजे तेव्हापुरतं. मनशिळीची खोड अशी, की उजेडात ठेवली तर ती हळूहळू पिवळी पडते आणि तिचा भुगा होतो. पुढे मोठा चष्मेवाला झाला आणि धाकट्याचा जन्म फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत गेला. उजेड आत शिरला की काय नासाडी करतो, हे धाकट्याला कुणी शिकवायला नको होतं. "काळोखात ठेव, दादा. टिकेल," तो सांगायचा. मोठा म्हणायचा, "बघायचाच नाही तर दगड कशाला? रिकामी डबी ठेव की!" एकदा भरल्या ताटावर हा वाद असा पेटला, की मोठा हात न धुता उठला. आणि त्याने केलं काय, तर आपला तुकडा धाकट्याच्याच गावातल्या संग्रहालयाला देऊन टाकला. वर अट घातली, की ह्याच्यावर कायम दिवा पाहिजे. सगळ्या जगाला दिसू दे. जगाचं निमित्त होतं, दाखवायचं होतं धाकट्याला. त्यानंतर घरात लग्नं झाली, बारशी झाली, पण दोघं भाऊ एकमेकांच्या पाठीमागेच बोलले.

आता संग्रहालयाने तो तुकडा एका दिवसापुरता द्यायचं कबूल केलं होतं. सरळ गाडी होती. पण हा गृहस्थ मध्येच एका स्टेशनवर उतरला. का, तर इथल्या गुरांच्या डॉक्टरकडे म्हणे फार देखणे स्फटिक आहेत.

होतेही. दवाखान्याच्या कपाटात इंजेक्शनांच्या शेजारी, खिडकीत, वजनकाट्यावरसुद्धा. डॉक्टर बिचारा खुश होऊन एकेक कप्पा ओढत होता, आणि टेबलावर पट्टी बांधून घ्यायला आलेलं कुत्रं गुरगुरत होतं. एरवी नवरा इथून दोन दिवस हलला नसता. आज पहिला कप्पा पुरता उघडायच्या आत तो म्हणाला, "वा, छान. पुढचा?" डॉक्टरचा चेहरा उतरला. बाईंनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी एका जांभळ्या दगडाचं उगाच तोंडभर कौतुक केलं.

पुढच्या गाडीत तो दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत राहिला.

"अहो, बसा की जरा."

"बसलोय."

"उभे आहात."

तो टेकला. लगेच उठला. "एवढ्याशा दिव्याने काय होतंय?" तो म्हणाला.

"दिव्याचं मी नावही काढलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

संग्रहालयाच्या पायऱ्या त्याने दमेकरी माणसाला न शोभणाऱ्या वेगाने चढल्या. हाडांचं दालन, नाण्यांचं दालन, खुर्चीत पेंगणारा पहारेकरी, सगळं मागे टाकून तो कोपऱ्यातल्या एका कपाटासमोर थांबला. आणि खरंच थांबला. बाई धापा टाकत पोचल्या तेव्हा तो हललेला नव्हता.

दिवा जळत होता. अटीप्रमाणे, चोख, इतकी वर्षं. त्याच्याखाली पांढऱ्या कापसावर पिवळा भुगा पडला होता, सांडलेल्या हळदीसारखा. मध्ये नारिंगी चार खडे, तेही बोट लावलं तर चुरा होतील असे.

संग्रहालयाचा अधिकारी चाव्या घेऊन आला. "आम्ही फोन केला होता तुम्हाला," तो अवघडून म्हणाला. "रंग उतरतोय, दिवा काढू का, असं विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. म्हणजे ह्याला माहीत होतं! दगड मरतोय हे कळूनही, धाकट्यापुढे हार नको म्हणून ह्याने आपल्याच हाताने त्यावर हरताळ फासला होता. बाईंना असा संताप आला, की तिथेच चार शब्द सुनावावेत. पण तो रुमाल काढून कपाटाची काच पुसू लागला, आणि संतापाचं मग काय करायचं ते त्यांना कळेना.

अधिकाऱ्याने भुगा जपून एका पेटीत भरून दिला. "हात लावू नका. विषारी असतो. उद्या परत आणा." बाहेर पडल्या पडल्या नवरा स्टेशनच्या दिशेने चालू लागला.

"अहो, भावजींचं घर इकडे आहे."

"गाडी चुकली म्हणून कळव. काहीही कळव. छाती कापून घ्यायला निघालेल्या माणसाला हे दाखवू?"

"आणि उद्या त्यांचं बरंवाईट झालं तर?" बाईंनी विचारलं. "मग कुणाला दाखवाल?"

तो रस्त्यातच उभा राहिला. बाईंनी त्याच्या हातातून पेटी काढून घेतली, आपल्या पिशवीत घातली आणि भावजींच्या घराचा रस्ता धरला. उभ्या जन्मात पहिल्यांदा तो त्यांच्या मागून चालला.

धाकट्याच्या घरात भरदुपारी पडदे ओढलेले होते. भिंतभर कप्पे, एकाही दगडाचं तोंड बाहेर दिसत नव्हतं. धाकटा उशांना टेकून बसला होता, निम्मा झालेला. मोठा दारातच बुटांच्या नाड्या सोडत रेंगाळला.

"आणलास?" शेवटी धाकटा म्हणाला.

चष्मेवाल्याने पेटी उघडून त्याच्या मांडीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. "तू म्हणाला होतास तेच झालं," तो म्हणाला. "माझं चुकलं. त्यांनी विचारलं होतं, तरी मी दिवा काढू दिला नाही. तुझा तरी राहिलाय ना, तो बघ. तो बघून जा."

धाकट्याने पेटी जराशी कलती करून भुगा पाहिला. "खालचा कप्पा उघड," तो म्हणाला.

"नको. उजेड लागेल."

"उघड रे."

मोठ्या भावाने पाठीनेच उजेड अडवत कप्पा ओढला, आतून काळ्या कापडात गुंडाळलेली डबी काढली आणि कापड सोडलं. डबीत पिवळा भुगा होता.

मग जाऊच म्हणाली, "रोज काढायचे. संध्याकाळी काम संपलं की खिडकीशी घेऊन बसायचे. मी सांगायची, अहो, तुम्हीच म्हणता ना उजेड नको? तर म्हणायचे, दादा तिकडे आपला बघत असेल."

"घाव बसला होता ना, ती कड बघायचो," धाकटा म्हणाला. "तुझ्या तुकड्याला जुळणारी." त्याला हसू येत होतं आणि डोळे भरले होते. "तूच बरोबर होतास, दादा. बघितल्याशिवाय राहवत नाही."

"मी कसला बरोबर? तू बरोबर! कापडात राहू दिला असतास तर आज—"

"तर काय? न बघता टिकवून काय करायचं होतं?"

"अरे, पण टिकला असता की!"

"काळोखात! रिकामी डबी ठेव म्हणणारा तूच ना?"

"गाढव होतो म्हणून म्हणालो!"

"गाढव नव्हतास!"

"आवाज चढवायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय!" जाऊ ओरडली, दोघांहून मोठ्याने.

मग मोठ्या भावाने धाकट्याची डबी उचलली आणि कुणी काही म्हणायच्या आत संग्रहालयाच्या पेटीत उपडी केली. पिवळ्यावर पिवळं पडलं. "आता सांग, ह्यातला तुझा कुठला?"

"अहो! ते परत द्यायचंय उद्या!" बाई म्हणाल्या.

"उद्या नाही," धाकटा म्हणाला. "मी बरा झालो की आम्ही दोघं जाऊन देऊ. काय रे?"

"हो," मोठा म्हणाला. "दोघं." आणि तो खाटेच्या कडेला बसला. बाईंनी मुद्दाम वाट पाहिली, पण तो उठला नाही.

मग त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी संग्रहालयाला फोन लावला. "तुमचा दगड परत यायला थोडे दिवस लागतील," त्या म्हणाल्या. "नाही, नाही, हरवला नाही. उलट थोडा वाढलाय."