गुडघा काय म्हनस?

आमच्या गावात मला कुणी "कशी आहेस" म्हणून विचारत नाही. सकाळी कुडाजवळून जाणारा प्रत्येक जण विचारतो, "अक्का, गुडघा काय म्हनस?" दुखतो म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो. नाही म्हटलं की तोंड पाडून निघून जातो. बाईच्या दुखण्यावर एवढं खूश होणारं गाव अख्ख्या धुळे जिल्ह्यात दुसरं नसेल.

ही कीड लावली जीवरामनं. तो आमचा शेजारी. एका वर्षी त्याचा मका खळ्यात पसरलेला होता, मोबाइल कडक ऊन सांगत होता आणि मी आपली सहज म्हणाले, आज उजवा गुडघा फार ठणकतोय, पाणी येतं की काय! त्यानं मका झाकला. संध्याकाळी बाकीच्यांचा भिजला, त्याचा वाचला. झालं. तेव्हापासून माझा गुडघा माझा राहिला नाही. पूर्वी लोक कावळ्यानं घरटं कोणत्या झाडावर बांधलं ते बघून पावसाचा अंदाज करायचे. आता कावळा टॉवरवर बांधतो. त्यावरून काय कप्पाळ कळणार? टिटवी शाळेच्या स्लॅबवर अंडी घालते. राहिला कोण, तर या झुंबरबाईचा, म्हणजे माझा गुडघा.

घरामागं माझी रोपांची वाडी आहे. शेवगा, सीताफळ, कढीपत्ता, करवंद. नखरेल फुलझाडं मी ठेवत नाही. एकदा जमीन धरली की वर्षानुवर्षं उभी राहतात, अशीच झाडं मला आवडतात. सीताफळाला उन्हाळाभर पाणी विसरलं तरी ते पानं गाळून गप्प उभं राहतं आणि पुन्हा फुटतं. पण घरचे मलाही तसंच धरून चालतात, याचा मला भयंकर राग येतो. पिशव्यांत माती भरायला खाली बसले की उठताना कुडाचा खांब धरावा लागतो आणि डोळ्यांत पाणी येतं.

माझी मुलगी ऋतिका धुळ्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं गुडघ्याचा फोटो काढवला. डॉक्टर म्हणाले, वाटी पार झिजलीय, बदलावी लागेल. पहिली तारीख मिळाली तेव्हा कापूस वेचणीला आला होता. आमचे मालक, म्हणजे ऋतिकाचे वडील अभिमन आबा, म्हणाले, "कापूस घरमा येऊ दे, मंग जाऊत." दुसरी तारीख मिळाली तेव्हा कांदा काढून पडला होता. मग काय विचारता! अवकाळीच्या भीतीनं सगळं गाव माझ्या पायाशी बसलं.

यंदा मृग कोरडा गेला. आर्द्राही चालली. पेरण्या खोळंबल्या. तेवढ्यात ऋतिकाचा फोन आला, "आई, सोमवारची तारीख घेतलीय. या वेळी चुकवू नकोस. असंच चाललं तर तुझं चालणंच बंद होईल."

मी ओट्यावर सांगून टाकलं, सोमवारी मी जाणार. जीवराम केवढा कळवळला! "अक्का, नवी वाटी बसनी म्हंजे ती काय सांगी? लोखंडले पानी कसं कळी? एक पाऊस पडू द्या, मंग करा."

मालकांनी विचारलं, "आज दुखस का?"

आता काय सांगायचं? दुखतो म्हणाले तर पाऊस येणार म्हणून थांबा. म्हणून खोटंच बोलले, "नाही दुखत."

"नही दुखस?" मालक म्हणाले, "मंग ऑपरेशन कसाले?"

सगळे हसले. मी उठून आत गेले. भांडी आपटली, पण भांड्यांचं कोण ऐकतं?

खरं तर तो आता रोजच दुखतो. आभाळ असो नसो, झोपेत, जेवताना, देवासमोर. त्याला पावसाचं काही कळत नाही, त्याला फक्त झिजणं कळतं. हे मी कितीदा सांगितलं. लोक म्हणतात, अक्का चिडली.

रविवारी सकाळी लुगडी पिशवीत भरली. निघण्याआधी रोपांना पाणी द्यावं म्हणून वाडीत गेले. सीताफळाच्या वाफ्याशी पाय घसरला आणि गुडघ्यात काहीतरी कट्कन् वाजलं. मी अशी किंचाळले की झाडावरचे होले उडाले. "मेले गं माय! गुडघा!"

कुडापलीकडं जीवराम होता. त्यानं आत डोकावूनही पाहिलं नाही. गल्लीत पळत सुटला, "अक्काना गुडघा दुखना रे! पानी येस! पेरनी करा!" दारं वाजली. कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला. मी ओरडत होते, "अरे पडले मी, मला उचला," आणि माझ्या प्रत्येक ओरडण्यासरशी गल्लीतला उत्साह वाढत होता. वर आभाळ निळंशार, ढगाचा ठिपका नाही.

मग मालक धावत आले. माझा जीव भांड्यात पडला. फाटकाशी थांबून, धापा टाकत त्यांनी विचारलं, "कोनता? उजवा का डावा?"

"उजवा," मी म्हणाले.

त्यांनी आभाळाला हात जोडले आणि बियाण्याच्या पिशव्या काढायला घराकडं पळाले.