काण्या सरदाराचं मरण

चष्मेवालीने नकाशावरच्या पुलावर लाल पेन्सिलीने फुली मारली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"इथे," ती म्हणाली. "पूल तुटतो तेव्हा काणा सरदार मधोमध असतो. तो मरतो, म्हणून मुंगसांची फौज मागे फिरते आणि कोल्हे डोंगर घेतात. त्याशिवाय तिसरा भाग उभाच राहत नाही."

"खोडरबर कुठाय?" तिची नणंद म्हणाली.

कोणी दिलं नाही. तिने बोट जिभेला लावलं आणि फुली घासली. लाल डाग पुलाच्या दोन्ही काठांवर पसरला.

"अहो, मास्तरांनी आठवडाभर बसून काढलाय तो नकाशा," ड्रायव्हर म्हणाला.

"मग फुल्या मारणाऱ्यांना सांगा."

रविवारी दुपारी चष्म्याचं दुकान बंद असे. शटर अर्धं खाली ओढून चौघे काउंटरभोवती बसत. तिन्ही भिंतींवर फ्रेमा होत्या आणि फ्रेमांच्या मधे अरुंद आरसे, त्यामुळे भांडणाऱ्याला आपला चेहरा चार ठिकाणी दिसे. रानातल्या प्राण्यांच्या लढाईची बारा पुस्तकं चौघांनीही वाचून झिजवली होती. तेरावं कधी आलंच नाही. ते आपणच एका वहीत लिहायचं, असं त्यांचं चाललं होतं. शहर बस चालवणाऱ्या ड्रायव्हरकडे ससे होते. मुंगसं नणंदेकडे, कोल्हे आणि पाणमांजरं चष्मेवालीकडे. चित्रकलेचे निवृत्त मास्तर कुठल्याच बाजूचे नव्हते. ते नकाशा काढत आणि नियम सांभाळत.

नियम मोजकेच होते. पुस्तकातला प्राणी बहुमताने मारता येई. पण एखाद्याने स्वतःच्या डोक्यातून काढलेला प्राणी 'घरचा' समजला जाई. घरच्या प्राण्याला मारायचं तर ज्याच्या हातून त्याचं नाव पहिल्यांदा वहीत लिहिलं गेलं, त्याची परवानगी लागे. परवानगी मिळाली की मरण लिहायचं ते शत्रूच्या माणसाने. आपल्या प्राण्याला कोणी सुखाने मरू देत नाही, उगाच पानं भरतो, असा मास्तरांचा अनुभव होता.

"काणा सरदार घरचा आहे," नणंद म्हणाली. "माझी परवानगी नाही. विषय संपला."

"वन्सं, मी सहा महिने हा भाग जुळवतेय."

"तुला कोणी सांगितलं होतं? आयत्या बिळावर नागोबा. दोन वर्षं झाली येऊन, आणि निघाली सरदार मारायला."

चष्मेवालीने समोरचा चष्मा उचलला, काचेवर फुंकर मारली, पुसला, परत ठेवला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती बसली होती त्या खुर्चीवर तिचा नवरा बसत असे. वहीची पहिली वीस पानं त्याने आणि त्याच्या या थोरल्या बहिणीने शाळेत असताना भरली होती. बाकीचे सगळे नंतर आले. मग त्यांच्या आईवरून दोघांचं बिनसलं. आईला नणंदेने भावाला न विचारता आपल्या घरी नेलं, आणि तो जे बोलू नये ते बोलला. तेव्हापासून बोलणं बंद. खुर्ची रिकामी राहू नये म्हणून चष्मेवाली यायला लागली होती, निदान तिची तशी समजूत होती. नणंदेच्या लेखी तिने ती खुर्ची बळकावली होती.

"मास्तर, वही बघा," चष्मेवाली म्हणाली. "नाव कोणाच्या अक्षरात आहे?"

मास्तर वहीकडे हात नेत होते, तेवढ्यात नणंदेनेच ती ओढून घेतली. तिला पान शोधावं लागलं नाही.

"त्याच्या," ती म्हणाली. "मी सांगत होते, तो लिहीत होता. मला ताप होता म्हणून. त्याने काय होतं?"

"नियमाने परवानगी त्यांची लागते," मास्तर हळूच म्हणाले. "तुमची नाही."

"मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"नियम तुम्ही दोघा भावंडांनीच केलेत. मी फक्त सांभाळतो."

ड्रायव्हरने खुर्ची थोडी मागे घेतली. "मी काय म्हणतो, त्याऐवजी माझे दोन-चार ससे घ्या. भरपूर आहेत. कितीही मारले तरी ते वाढतच असतात."

कोणी हसलं नाही.

"कर फोन," नणंद म्हणाली. "विचार त्याला. माझा भाऊ आहे, मी ओळखते. स्वतःचा हात तोडून देईल, पण काण्या सरदाराला हात लावू देणार नाही. आणि हो म्हणाला, तर मी ही वही इथे टाकून उठते. परत या दुकानाची पायरी चढणार नाही. मग बसा तुमचे कोल्हे नाचवत."

"स्पीकरवर लावते. सगळ्यांसमोर."

"नको," नणंद पटकन म्हणाली. मग सावकाश म्हणाली, "मी इथे आहे कळलं तर मला डिवचायला मुद्दाम हो म्हणेल. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही त्याचा. आत जाऊन कर. आणि नीट विचार. तुझ्या सोयीचं विचारू नकोस."

"मी खोटं बोलेन असं वाटतंय तुम्हाला?"

"मला काय वाटतं ते तुला माहीत आहे."

चष्मेवाली आतल्या खोलीत गेली. तिथे काचा घासायचं यंत्र होतं, पाण्याची बादली होती आणि गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेले ट्रे. खोलीला दार नव्हतं, अर्धी काचेची भिंत होती. तिने पाठ केली आणि फोन लावला. तिचा जय पक्का होता. घरी काण्या सरदाराचं नाव तिने नवऱ्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मारा म्हणेल, आणि सहा महिन्यांचं काम एका वाक्यात सार्थकी लागेल. नणंद उठून गेली तर गेली. खरं सांगायचं तर तेही तिला नको होतं असं नाही.

"बोल," नवरा म्हणाला. मागे टीव्हीवर सामना चालू होता.

"एक विचारायचं होतं. काण्या सरदाराला मारायचंय. तुमची परवानगी लागते."

"कोणाला?"

"काणा सरदार. मुंगूस. वहीतलं."

"मुंगूस?" तो हसला. "मी कुठे मुंगसं करायचो? मी कोल्हे करायचो ना?"

"तुमच्या अक्षरात आहे. वन्संना ताप होता, त्या सांगत होत्या, तुम्ही लिहीत होता."

समालोचक ओरडत होता.

"नाही गं आठवत. असेल. मारा की, मला काय त्याचं? येताना दाढीची ब्लेडं आण."

"बरं."

"ती आहे का तिथे?"

"आहेत."

"हं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

फोन खिशात टाकून ती वळली. काचेपलीकडे नणंद एकटीच काउंटरवर वाकली होती. मास्तर आणि ड्रायव्हर शटरखालून रस्त्याकडे बघत उभे होते. नणंदेने चष्मा काढून ठेवला होता आणि वही डोळ्यांच्या अगदी जवळ धरली होती. पानावर एक बोट ठेवून ती एकेका अक्षरावरून ते पुढे नेत होती. ओठ हलत होते. मग तिने रुमालाने पान पुसलं. पानावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

चष्मेवालीने घासायचं यंत्र चालू केलं, काच न लावता. चाक रिकामं फिरलं. तिने ते बंद केलं आणि बाहेर आली.

नणंदेने चष्मा चढवला होता. "झालं?"

"झालं."

"मग बोल की. घसा बसला का?"

"नाही म्हणाले."

ड्रायव्हरने काउंटरवर थाप मारली. मास्तरांनी आपल्या यादीत काहीतरी लिहिलं. नणंदेने चष्मेवालीकडे नीट पाहिलं, गिऱ्हाईक नव्या काचेतून बघतं तसं.

"नेमकं काय म्हणाला?"

"म्हणाले, हात लावून बघा."

"असंच बोलतो तो," नणंद म्हणाली. तिचे खांदे खाली आले आणि आवाज चढला. "सांगत नव्हते मी? सांगत नव्हते? सहा महिने म्हणे जुळवत होती. अगं, घर जुळवायला बुद्धी लागते तशी गोष्ट जुळवायलाही लागते. तुझ्या डोक्यात नुसत्या काचा आहेत."

"असतील."

"कबूल तरी करतेस, एवढं बरं आहे."

"पण पूल तर तुटायला पाहिजे," मास्तर म्हणाले. "कोणीतरी मोठं मरायला हवं. नाहीतर पहिल्या भागापासून पाहावं लागेल."

चष्मेवालीने लाल पेन्सिल उचलली. डाग पडलेल्या पुलाच्या खाली, जिथे मास्तरांनी नदीच्या निळ्या रेघा काढल्या होत्या, तिथे तिने फुली मारली.

"माझी डोहकरीण घ्या. पाणमांजरांची म्हातारी. ती खालून पूल धरायला जाते आणि पूल तिच्या अंगावर येतो. पाणमांजरं कोल्ह्यांवर दोष ठेवून निघून जातात. डोंगर मुंगसांना मिळतो."

"अहो, डोहकरीण तर तुमचा जीव की प्राण," ड्रायव्हर म्हणाला. "पहिल्या दिवशी आलात ती तिलाच घेऊन आलात."

"घरची आहे. परवानगी माझी. दिली."

मास्तरांनी तिच्या नावापुढे तारीख घातली. मरण शत्रूच्या माणसाने लिहायचं होतं, म्हणजे नणंदेने.

"मी हाल करून मारीन हं," नणंद म्हणाली. "दोन पानं मरत राहील. मागाहून डोळ्यांतून पाणी काढायचं नाही."

"मारा."

बाहेर कोणीतरी शटर वाजवलं, दुकान बंद आहे हे कळल्यावर निघून गेलं. ड्रायव्हरने कप गोळा केले. मास्तर नकाशाची गुंडाळी करू लागले. नणंद वहीवर हात ठेवून तशीच बसून राहिली.

"त्याला म्हणावं," ती चष्मेवालीकडे न बघता म्हणाली, "एवढा जीव आहे सरदारावर, तर डोंगर घेतल्यानंतरचं त्यानेच लिहून द्यावं. मला बोलायला नको, यायला नको. चार ओळी पुरेत. तुझ्या हाती पाठव म्हणावं."

मास्तरांचे हात थांबले. ते चष्मेवालीकडे बघत होते.

"सांगते," चष्मेवाली म्हणाली. मग वहीतल्या नवऱ्याच्या अक्षराकडे बघत तिने विचारलं, "वही नेऊ का आठवडाभर घरी?"

"कशाला?"

"त्यांना जुनी पानं बघायची आहेत. लिहिण्याआधी."

नणंदेने वही मिटली. ती दोन्ही हातांनी छातीशी धरून तिने काउंटरवरच्या काचेच्या पांढऱ्या भुकटीकडे बघितलं, मग चष्मेवालीच्या बोटांकडे.

"आधी हात धू," ती म्हणाली. "काचांची ती घाण लागते सगळीकडे तुझी."

चष्मेवाली उठली, आत गेली, साबण लावून हात धुतले, कोरडे केले आणि परत येऊन दोन्ही तळवे पुढे धरले.