ओढ्याचा भोपळा

मी एक भोपळा. भाजीचा नव्हे, तंबोऱ्याचा. मिरजेत वाद्यं करणाऱ्याच्या दुकानात मी बरेच दिवस पडून होतो. जो उचलायचा, तो टिचकी मारून कान लावायचा. एकाला पोटावरची बारीक चीर दिसली आणि माझा तंबोरा व्हायचा राहिला. तेव्हापासून कुणाचा हात लागला की वाटायचं, हा आता कसली खोट काढतोय?

मला तिथून नेलं वाघमारे बाईंनी. पलूसजवळच्या एका गावात त्या चित्रकला शिकवायला नव्यानेच लागल्या होत्या. साल त्र्याहत्तर. दुष्काळात आटलेला गावचा ओढा अजून वाहता झाला नव्हता. बाईंनी मला वर्गाच्या दारात टांगलं आणि मुलांना सांगितलं, "ओढा आधी कसा होता, घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. मग ह्याच्यावर काढा."

मुलांनी गेरू, हळद, कोळसा, पानांचा रस आणला. माझ्या एका अंगाला जांभळी, करंज, भरलेलं पाणी. मला फिरवावं तशी झाडं कमी होत जायची, पाणी बारीक होत जायचं, शेवटी नुसती वाळू.

गावात कुजबुज सुरू झाली. दारात टांगलेला रंगीत भोपळा, आणि टांगणारी बाई परगावची, एकटी राहणारी. गावातल्या आप्पासोंच्या गुऱ्हाळात ओढ्याकाठचीच लाकडं जळत. त्यांना वाटलं, ही पोरांना आपल्याविरुद्ध फितवतेय. त्यांची आई धोंडुबाई हिचा संशय वेगळाच होता. घरची म्हैस अचानक आटली होती.

ती काठी घेऊनच शाळेत आली. "बाई, ही करणी कुणावर केलीया?"

बाईंचा चेहरा उतरला. ह्या एका शब्दाने त्यांना गाव सोडावं लागलं असतं. तरी आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "फोडायचा तर फोडा. आधी तुमच्या नातीनं काय काढलंय ते बघा."

आप्पासोंची मनू पुढे आली. "आज्जे, तूच सांगितलंवतंस की. ही जांभळ. हितं तू धुणं धुयाचीस." तिने मला हळूहळू फिरवलं. "मग झाडं तोडली. काठ ढासळला, माती व्हावून गेली. पावसाचं पानी थांबंना."

"जांभळ वाऱ्यानं पडली म्हनला हुता तुजा बा."

"न्हाई. बानंच तोडली. मी बघितलंय."

धोंडुबाईने काठी खाली ठेवली आणि मला दारातून उतरवलं. माफी तिने मागितली नाही. "ह्यो माज्या घरी ऱ्हाईल," एवढंच म्हणाली. मला वाटलं, आता चुलीत जाणार.

तिने मला गुऱ्हाळाच्या दारात टांगलं. लाकडाची गाडी आली की ती लेकाला विचारते, "हे कुठलं?" आप्पासो नजर चुकवतात. हल्ली चुलवाणात उसाची चिपाडंच जास्त जातात.

वर्षभराच्या धुराने माझे रंग काळवंडलेत. ओढा कोरडाच आहे, पण काठावर मुलांनी रोपं लावलीत. बाई गावातच आहेत. काही लोक अजून त्यांच्याकडे तिरकं बघतात. कधी इकडे आलात तर मला फिरवून बघा. फक्त वाळूपाशी थांबू नका. अजून थोडं फिरवा, तिच्या पुढेच जांभळ आहे.