झोळीवर जळणारा सागवानी पाळणा

मित्रांनो, मी सागवानी पाळणा. कुरुंद्याला पुंजाजींच्या मधल्या घरात, पत्र्याखाली माझा मुक्काम आहे. माझ्या जाडजूड पायांवरून आणि खोक्यावर कोरलेल्या पोपटांवरून हात फिरवून पाहुणे "वा!" म्हणतात. तरीही आधीच सांगून टाकतो, मी जळकुकडा आहे. एका जुन्या, विटक्या लुगड्यावरून माझा जळफळाट होतो.

मी पुंजाजींच्या हळदीच्या वावरात, बांधावरचं झाड होतो. माझं कोवळं पान चोळलं की पोरांचे हात लाल व्हायचे आणि घरी गेल्यावर त्यांना बोलणी बसायची. मुलाचं, शिवहारचं लग्न ठरलं आणि पुंजाजींनी मला तोडलं. नातवंडाचा पाळणा याच सागाचा, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. प्रभू सुतारानं मात्र घाई केली नाही. माझ्या फळ्या त्यानं सावलीत रचून ठेवल्या आणि पुरत्या वाळू दिल्या.

आता थोडी बढाई मारतो. सागाच्या अंगात तेल असतं. म्हणून पावसाळ्यात आम्ही फारसे फुगत नाही आणि उन्हाळ्यात सहसा तडकत नाही. नक्षी कोरताना कपची उडत नाही. हत्याराची धार तेवढी आम्ही लवकर खातो. गाडीच्या चाकाला बाभूळ लागते, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा लागतो, ते आमचं काम नव्हे. पण दार, पलंग आणि पाळणा म्हणाल तर सागच. प्रभूनं खाचेत खाच बसवली, एकही खिळा मारला नाही. सांधे असे घट्ट की मला कितीही हलवा, कर्र म्हणून आवाज येत नाही. प्रभू स्वतःच म्हणाला, "मामा, आता ह्यो पाळणा तुमच्या पणतूलाबी पुरंल."

बारशाच्या दिवशी मला झेंडूच्या माळा बांधल्या. शिवहारची बायको मोहिनी हिनं तान्ह्या लेकीला माझ्यात ठेवलं. ठेवलं मात्र, आणि पोरीनं असा टाहो फोडला की तिच्या कानात सांगितलेलं 'शिवकन्या' हे नाव तिलाही ऐकू गेलं नसेल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्यात ठेवलं की रड, उचललं की गप्प. शेवटी आजी, म्हणजे चांगुणाबाई, उठल्या.

"मोहिनी, लेकराला लाकडात काहून कोंडून राहिलीस? त्याला ऊब लागती."

त्यांनी आपलं जुनं लुगडं काढलं आणि पत्र्याखालच्या आड्याला झोळी बांधली. आडं म्हणजे छपराचं आडवं लाकूड. ते आंब्याचं होतं, काळवंडलेलं, ना रूप ना रंग. शिवकन्या झोळीत गेली आणि दोन हेलकाव्यांत झोपली.

पुंजाजी चिडले. "एवढा सागाचा पाळणा केला म्या, अन् लेकरू लुगड्यात?"

"पाळणा तुमी केला, पण झोपायचं तिला हाय," चांगुणाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. माझ्या खोक्यात आधी लसूण आला, मग हळदीचं बेणं. आणि शेजारी ती झोळी! ना घाट, ना नक्षी, ठिकठिकाणी विरलेली, धुराचा वास मारणारी. तिच्या पोटात शिवकन्या हाताची मूठ चोखत पडलेली असायची. झोळीला कोणी पुसत नसे, कोणी तिचं कौतुक करत नसे, आणि तरी सगळं घर तिच्याभोवती फिरे. हेच मला सहन होत नव्हतं.

अशात एक भुंगा घरात शिरला, लाकूड पोखरणारा. त्यानं आधी माझा पाय चाखून पाहिला. सागाचं तेल त्याला मानवलं नाही. मग तो चढला आड्यावर, आणि आंब्याचं लाकूड त्याला गोड लागलं. हळूहळू त्याची बिळंच बिळं झाली. आड्यातून पिवळसर पीठ भुरभुरू लागलं. ते दिवस हळद काढण्याचे. अंगणात हळद शिजत होती, वाळत होती, घरातल्या भांड्याकुंड्यांवर पिवळी धूळ बसत होती. त्यात आणखी थोडं पीठ कोणाच्या डोळ्यांवर येणार? मोहिनी रोज मला पुसायची आणि म्हणायची, "काय बाई ही हळद, जिकडंतिकडं!"

मला मात्र सगळं ठाऊक होतं. आड्याच्या पोटातली कुरकुर मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, पोखर बाबा, लवकर पोखर. पडू दे एकदाची त्या झोळीला!

एका दुपारी झोळी हलत असताना आडं मधोमध करकरलं. मी आनंदलो. आणि मग माझ्या ध्यानात आलं की झोळी एकटी पडणार नाही. तिच्यात शिवकन्या आहे.

मित्रांनो, मी हादरलो. करकरून हाक मारावी, तर प्रभूनं सांधे इतके घट्ट बसवलेले की माझ्यातून आवाजच निघेना. ज्या गोष्टीचा मला तोरा होता तिनंच माझं तोंड बंद केलं.

तेवढ्यात वरून भसकन पीठ पडलं, थेट शिवकन्येच्या तोंडावर. ती किंचाळली. चांगुणाबाईंनी तिला झटकन उचललं आणि ओले गाल पदरानं पुसले. पुसता पुसता त्या थबकल्या. हळद असती तर पदर पिवळा झाला असता. पदराला डागसुद्धा पडला नव्हता.

"मोहिनी, ही हळद न्हाई."

"मग काय हाय, आत्या?"

चांगुणाबाईंनी वर पाहिलं. आड्याला मधोमध बाक आला होता. त्यांनी पुंजाजींना हाक मारली. पुंजाजींनी आत येऊन काठीनं आडं नुसतं ढोसलं. ते कडाड् मोडलं आणि झोळीसकट जमिनीवर आदळलं.

"लेकरू कुठं हाय?" पुंजाजी ओरडले.

"माझ्यापाशी हाय."

पुंजाजींनी काठी टाकली आणि शिवकन्येला जवळ घेतलं.

त्या दिवशी शिवकन्येला माझ्यात ठेवलं. मी म्हटलं, आता तरी माझे दिवस आले! पण ती रडून रडून लाल झाली. अखेर पुंजाजींनी बायकोकडं पाहिलं, निमूटपणे माझं पोपटांचं खोकं वरच्या दांड्याच्या कड्यांतून काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "बांध तुझी झोळी ह्याच्या दांड्याला. साग हाय, मोडायचा न्हाई."

माझी वैरीण, आणि माझ्याच खांद्यावर! संतापानं मी पेटलो होतो. मग तिच्यात शिवकन्या आली. तिचं इवलंसं वजन लुगड्यातून माझ्या दांड्यावर उतरलं. पहिल्यांदाच ती माझ्या आधारानं झोपली.

आता शिवकन्या शाळेत जाते आणि झोळीत तिचा धाकटा भाऊ झोपतो. माझा जळफळाट अजून गेलेला नाही. तरी एक विनंती करतो. मित्रांनो, वर्षातून एकदा माझ्यावर तेलाचा हात फिरवा. घरातल्या बाकीच्या लाकडांनाही टिचकी मारून पाहा, कुठं पोकळ वाजतंय का. आणि मला तेल लावाल तेव्हा त्या झोळीच्या गाठीही ओढून पाहा, लुगडं कुठं विरलंय का तेही बघा. ती मला मुळीच आवडत नाही. पण लेकरू तिच्यात झोपतं.