बारा सांगायचे आणि गप्प बसायचं

आजही श्रीपत आबांचं नाव निघालं की माझे हात आपोआप जोडले जातात. का, ते सांगते.

माझं तोंड बंद राहत नाही, हे आमच्या अख्ख्या लिंबायत वस्तीला ठाऊक आहे. म्हणून सौद्याला जाण्याआधी माझ्या नणदेच्या यजमानांनी, योगेशभाऊंनी, मला चारदा बजावलं. "वहिनी, मालक सोळा लाख मागतोय. तुम्ही बारा सांगा आणि गप्प बसा. जो आधी बोलेल त्याचं नुकसान." ते दलाली करतात, असे पुष्कळ सौदे त्यांनी केलेत. मी मात्र पहिल्यांदाच घर घ्यायला निघाले होते, तेही राहायला नाही. जुनं घर स्वस्तात घ्यायचं, नीट करायचं आणि नफ्यात विकायचं, असं डोक्यात होतं. अकरा वर्षं घरी बसून साड्यांना लेस लावली, त्याचे पैसे साठले होते. कमी पडले तेव्हा सासूबाईंनी हातातल्या पाटल्या मोडल्या. "जाय, कर धंदा," एवढंच म्हणाल्या. सगळे मिळून चौदा लाख. ते बुडाले असते तर आम्ही रस्त्यावरच आलो असतो.

घर जवळच गोडादऱ्याला होतं, श्रीपत आबांचं. एक खोली, स्वयंपाकघर, वर पत्रा. आत पाऊल टाकलं तर भिंतींच्या ताज्या पोपटी रंगाचा वास नाकात शिरला. म्हटलं, वा, घर ठेवलंय तर चकाचक! धुरपदा मावशींनी, आबांच्या बायकोनं, गोधडी अंथरली. "बठ माय," म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. आमच्याच अमळनेरकडच्या निघाल्या. आता अशा माणसांना कुठल्या तोंडानं बारा सांगायचे? पण सांगितले. "आबा, बारा देईन," म्हटलं आणि ओठ घट्ट मिटले.

आबा माझ्याकडे बघत राहिले. बोलले काहीच नाहीत.

अहो, पस्तीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात काढलेला माणूस तो! तिथल्या खडखडाटात बोललेलं कुणाला ऐकू येतं? त्यांना गप्प बसायचं काय कौतुक! संध्याकाळपर्यंत बसले असते. इकडे माझी जीभ नुसती वळवळत होती. चहा आला. मी प्यायले. कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, त्यात काही नव्हतं तरी तोंडाला लावला. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील.

"आबा, मला लाज वाटते हो!" मी एकदम म्हणाले. आणि मग सुटलेच. बारा हा आकडा माझा नाही, मला पढवून पाठवलंय. चौदापर्यंत आहेत, पण त्यात सासूच्या पाटल्या आहेत आणि दुरुस्तीही त्यातच करायची आहे. सगळं सगळं ओकून टाकलं. घ्या! झाली वृषालीबाईंची घासाघीस.

आबा उठले आणि कोपऱ्यातलं लोखंडी कपाट ओढायला लागले. मावशी आतून धावत आल्या. "ओ, काय करी ऱ्हायनात?"

"गप ऱ्हाय," आबा म्हणाले.

कपाटामागं रंग लावलेला नव्हता. तिथे माझ्या गुडघ्याच्याही वर भिंतीवर काळपट रेघ होती, आणि तिच्याखालचं सगळं प्लास्टर फुगलेलं.

"खाडीनं पानी येस," आबा खाली बघत म्हणाले. "दोन-तीन वर्षमा एकदाव येसच. हाऊ रंग मागला आठवडाले मारेल शे. तीन गिऱ्हाईक ई गयात, कोनलेच सांगं नही. तू खरं बोलनी, म्हनीसन तुले सांगस."

मावशी कपाळाला हात लावून खाली बसल्या. त्यांचं तरी काय चुकलं? हे घर विकूनच गावाकडे दोन खोल्या बांधायच्या होत्या त्यांना.

मी बाहेर ओट्यावर येऊन योगेशभाऊंना फोन लावला. ते खूश झाले. "लॉटरी लागली, वहिनी! आता नऊ म्हणा. म्हातारा स्वतःच बोलून बसलाय, झक मारत देईल."

माझं डोकंच फिरलं. "भाऊ, तुम्ही मोठे आहात म्हणून इतकंच बोलते," म्हटलं, "पण जरा लाज बाळगा!" आणि फोन ठेवला. त्या माणसानं माझी अकरा वर्षं वाचवली होती, आणि त्याच गोष्टीवरून मी त्याचे तीन लाख कापू? जमीन त्या रेघेच्या वर घ्यायची तर दीड-दोन लाख लागतील, असा अंदाज केला. चौदात बसत होतं.

आत गेले. "आबा, बारा. कमी नाही, जास्त नाही. जमीन उंच करायचा खर्च माझा."

त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी डोळे पुसले आणि मान हलवली. मी वाकून दोघांच्या पाया पडले. "आबा, फार उपकार झाले तुमचे. तुम्ही बोलला नसता तर मी चौदाच्या चौदा इथे ओतले असते, आणि पाण्यात बसून रडले असते."

आबांनी पाय मागं घेतले. "तू तं हाई घर विकशी," ते म्हणाले. "पुढला गिऱ्हाइकले पानीनं सांगशी ना?"

"सांगेन की."

"आते सोपं वाटस. माले तीन डाव नही जमनं."

खरंच होतं ते. कारण जमीन कितीही उंच केली तरी खाडी तिथेच राहणार होती, आणि उद्या माझ्याही हातात रंगाचा डबा असणार होता. "आबा," मी म्हणाले, "ज्या दिवशी गिऱ्हाईक येईल त्या दिवशी तुम्ही गावाहून या. माझ्या शेजारी बसा. मग मला जमेल."

आबा पहिल्यांदाच हसले.

"इसू," म्हणाले. "पन गाडीभाडं तुनं."

"माझं," मी म्हणाले. "दोघांचंही."