भूमिकाची सही

२००३ साली भूमिका गोजर अंधेरीतल्या एका कंपनीत चिपच्या तपासणीचं काम करायची. ती चिप सलाइनमधून औषध मोजून सोडणाऱ्या पंपासाठी होती. चिप कारखान्यात जाण्याआधी तिच्या आराखड्यातल्या चुका शोधायच्या असत. बाकीचे लोक कॉम्प्युटरवर चाचण्यांमागून चाचण्या चालवत. भूमिका एम.टेक.ला नवी पद्धत शिकून आली होती. चूक होऊच शकत नाही, हे तीत गणिताने सिद्ध करायचं.

ते सिद्ध झालं नाही. उलट कॉम्प्युटरने चुकीपर्यंत जाणारी सतरा पायऱ्यांची वाट काढून दिली. वीज जाऊन पंप बॅटरीवर जात असताना नेमकं त्याच क्षणी कुणी बटण दाबलं, तर चिप मोजणं सोडून देई आणि औषध सुटतच राही.

तिने ते वरिष्ठांना, दीपेशसरांना दाखवलं.

"दोन कोटी चाचण्यांत हे एकदाही आलं नाही," ते म्हणाले. "आराखडा परत उघडला तर चार महिने जातील. 'व्यवहारात अशक्य' असं लिही आणि सही कर."

भूमिका वाशिंदची, दिवसातून सहा वेळा वीज जाणाऱ्या घरात वाढलेली. तरी तिने सही केली.

दोन वर्षांनी मुरबाडच्या एका खाजगी दवाखान्यात राही नावाची बाळंतीण त्या पंपावर होती. दहा मिनिटांत चारदा वीज आली-गेली. दर वेळी पंप वाजे आणि नर्स बटण दाबून त्याला गप्प करी. चौथ्या वेळी तिचं बोट बटणावर असतानाच वीज गेली. पंप वाजलाच नाही, औषध मात्र सुटत राहिलं. दुपारी राही गेली.

पंप तपासायला कंपनीत आला. त्यातली नोंद भूमिकाने वाचली. पायऱ्या त्याच होत्या, सतरा.

तिने चौकशीत सगळं सांगितलं. दीपेशसर एवढंच म्हणाले, "सही तिची आहे." पंप परत मागवले गेले, भूमिकाची नोकरी गेली.

मग ती राहीच्या नवऱ्याला, भगीरथला भेटायला त्यांच्या पाड्यावर गेली. तो ओटीवर बसून ऐकत होता.

"तुमाला आधी म्हाईत होतं?"

"हो."

"मंग बोलली का नाय?"

"बोलले. एकदाच. मग सही केली."

आत बाळ रडायला लागलं. भगीरथ उठला.

"पोरीला दूध द्यायचाय," तो म्हणाला. "तुमी जा आता."

ती उठली. माफीचे शब्द तिने वाटेत जुळवून आणले होते, ते तिने बोलून दाखवले नाहीत.